आगाऊ सत्कार

...तर मला तुमी सांगा, जेसीबीच्या बकेटात उभं केलेल्या माणसानं खरं बोलावं तरी कसं? खाली डीजे वाजायलाय, गळ्यात हार इतके की हनुवटी वर धरल्याबिगर म्होरचं दिसत न्हाई, डोळ्यात गुलाल, समोर सगळं गाव अन् त्या गावात मपली माय, पदरानं डोळे पुसायली... अन् तिथून मी वरडून सांगू, की आवो थांबा, मी नुस्ता फॉर्म भरलाय? सांगितलं बरं का! न्हाई असं न्हाई. दोनदा सांगितलं. पर डीजेम्होरं माणसाचा आवाज कुठं पोचतो? लोकांनी मला हात हलवताना बघितलं, त्यांनीबी खालून हात हलवले.

पैल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमाला वाटंल सर काहीबी बोलायलेत. मी उत्तरेश्वर. वय एक्केचाळीस. नांदूरघाटाच्या अलीकडं फाट्यावर आमचं गाव. एका ज्युनियर कॉलेजात बायलॉजी शिकवतो, विनाअनुदानित, म्हंजी शिकवायचं सगळं अन् पगाराचा विषय काढायचा न्हाई. घर चालतंय ते बायकोवर, मंजुषा जिल्हा परिषदेच्या शाळंत शिक्षिका हाय म्हणून. बारावीला मपला मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला. घरच्यांनी म्हणलं बीएस्सी कर, केली. बीएड कर, केलं. लगीन कर, तेबी केलं. पर मपल्या मायनं, तुळजाबाईनं, ते काय सोडलं न्हाई. घरी कुणी येऊ द्या, पाव्हणा येऊ द्या, मीटर बघायला आलेला माणूस येऊ द्या, च्या देता देता माय म्हणणारच, "माझा उत्तरेश्वर डॉक्टरच व्हायचा व्हता." बावीस-तेवीस वर्ष झाली, व्हायचा व्हता! मीटरवाल्याला त्याचं काय करायचंय?

अन् मी निवांत होतो हो. खोटं कशाला बोलू, मनात कुठंतरी टोचायचं, पर निवांत होतो. मंग मागल्या साली कॉलेजात गॅदरिंगला पाव्हणी म्हणून कोण आली? स्वप्नाली. मपलीच इद्यार्थिनी. आता डॉक्टर! स्टेजवर येऊन सगळ्यांम्होरं माझ्या पाया पडली अन् म्हणली, सर, तुमच्यामुळं मी डॉक्टर झाले. टाळ्या! मी डोक्यावर हात ठिवला, तोंडानं आशीर्वाद दिला अन् मनात म्हणलं, बाई, मला बी ने की संगं. जेवताना सहज म्हणून इचारलं, आता आमचं कुठलं वय ऱ्हायलंय म्हणा. तर ती भाजीत भाकर बुडवत म्हणते, "सर, मेडिकलच्या परीक्षेची वयाची अट काढली की कवाच. भरा फॉर्म."

आता तुमीच सांगा, असं कुणी जेवताना सांगत असतंय का? मी अर्ध्या ताटावरनंच उठलो.

घरी आलो, मंजुषाला भीत भीत सांगितलं. मला वाटलं हसंल. ती हसलीच. मंग म्हणली, दिवसभर पोरांना तेच शिकवता, पेपरबी देऊन बगा की. झालं. पहाटं उठून अभ्यास, कॉलेजात जाऊन शिकवणं, आल्यावर परत अभ्यास. बायलॉजी तर तोंडपाठ, फिजिक्सनं मात्र मला रडवलं. म्हणजे खरंच रडवलं, मंजुषाला इचारा.

परीक्षेला बीडला गेलतो. गेटवरचा वॉचमन म्हणला, पालकांनी तिकडं मंडपात बसायचं. म्हणलं, बाबा, पालक न्हाई, मीच परीक्षेला हाय. त्यानं हॉल तिकीट हातात घेतलं, फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, परत फोटो बघितला अन् म्हणला, "काका, असं कावून केलं? फोटो पोराचा लावायचा असतो, तुमचा न्हाई." तिथं मला अर्धा घंटा मीच मी हाय हे सिद्ध करावं लागलं! आत गेलो तर वर्गातली समदी लेकरं उभी ऱ्हायली. त्यांना वाटलं, पेपर वाटणारे सर आले.

निकाल लागला. मार्क पडले ते बरुबर काठावर. लई पडले असते तर प्रश्न न्हाई, कमी पडले असते तर त्याहून प्रश्न न्हाई, पर काठावर! म्हंजी लागला तर लागला. मंग ॲडमिशनसाठी राज्याचा येगळा फॉर्म असतो, तो भरला. अन् आता हितं नीट ध्यान द्या, कारण सगळा घोळ हितंच हाय. त्या फॉर्मनंतर एक गुणवत्ता यादी निघते. त्या यादीत ज्यानं ज्यानं फॉर्म भरला त्या सगळ्यांची नावं असतेत, नुस्ता नंबर लावलेला असतो. सीट कुणाला मिळाली ती यादी येगळी, ती मागून लागते. हे मला ठाऊक. तुमालाबी आता ठाऊक. गावात कुणाला ठाऊक असायचं काय कारण?

आमच्या गावात हायत राधाकिशन आण्णा. त्यांना जिल्हा परिषदेला उभं ऱ्हायचंय, त्यामुळं फ्लेक्सवर त्यांच्या नावाम्होरं 'भावी जिल्हा परिषद सदस्य' असं असतं. दहा वर्ष झाली, आण्णा भावी हायत. अन् त्यांचा उजवा हात प्रविण, त्याचं फ्लेक्सचंच दुकान! आता फ्लेक्सचं दुकान हाय म्हणल्यावर अभिनंदन कुणाचं तरी करावंच लागतंय ना? गावात कुणी दहावी पास झालं की फ्लेक्स, कुणी ट्रॅक्टर घेतला की फ्लेक्स. मी परीक्षा दिलीय हे गावाला ठाऊक होतंच. त्या प्रविणनं यादी मोबाईलवर उघडली, तिच्यात गावांची नावं नसतेत म्हणून माझं नाव टाकून शोधलं, अन् सापडलं! नावावर पिवळी रेघ मारली अन् गावाच्या ग्रुपवर सोडून दिलं. नंबर कितव्या हजारावर हाय ते बघायला त्याला टाइम कुठं होता? तो फ्लेक्स छापायलाय.

सकाळी फाट्यावर जाऊन बघतो तर काय... मीच! घरायवढा! फोटो मपल्या लग्नातला, डोक्याला फेटा तसाच ठिवलेला अन् गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवलेला. खाली लिवलंय, 'गावचे सुपुत्र डॉ. उत्तरेश्वर सर यांची एमबीबीएसपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' एमबीबीएसपदी! अन् कोपऱ्यात आण्णा हात जोडून, भावी. आवो, त्यातला एक 'भावी' माझ्या नावाम्होरं टाकला असता तर मी वाचलो असतो! पर भावी सगळे आण्णाकडंच. अन् मी? मी नुस्ता फॉर्म भरलेला!

पळत गेलो आण्णाकडं. म्हणलं, आण्णा, घोळ झालाय, ती यादी सीटची न्हाई. आण्णा वाड्याच्या म्होरं खुर्ची टाकून बसलेले, त्यांनी मला जवळ बसवलं, पाठीवर हात ठिवला अन् समोरच्या माणसांना म्हणले, बघितलं का, शिकलेला माणूस असा असतो, एवढा मोठा झाला पर मीपणा न्हाई. म्हणलं, आण्णा, खरंच नुस्ता फॉर्म हाय. ते म्हणले, आवो सर, सगळं फॉर्मनंच होत असतंय, आमीबी फॉर्मच भरतोत. आता ह्याला काय बोलावं? अन् मी उठस्तर जेसीबी वाड्याम्होरं आला.

त्या बकेटातून मी मायला बघितलं. खाली उतरलो तर ती माझ्या तोंडावरचा गुलाल पुसायली अन् म्हणली, "बरं झालं बाबा. आता मला 'व्हायचा व्हता' म्हणावं लागणार न्हाई."

आता बोला. आता सांगा म्हणा खरं. जेसीबीत भ्यालो न्हाई एवढा तिथं भ्यालो. सीट लागली न्हाई तर गाव हसंल, हसू द्या, गाव दोन दिस हसतंय अन् मंग दुसरं कुणी सापडतंय. पर मायला परत त्या 'व्हायचा व्हता'वर आणून सोडायचं? ह्या वयात? मी घरात येऊन खाली डोकं घालून बसलो. मंजुषा जवळ येऊन बसली, हळूच म्हणली, "तुमी आता खोटंबी बोलू नका अन् खरंबी बोलू नका. यादी लागूस्तर गप बसा. न्हाई लागला नंबर तर मायला मी सांगते, तुमाला न्हाई जमायचं ते." लई धीर आला हो. अशी बायको असल्यावर माणसाला फिजिक्सचंबी भ्याव वाटू नये.

पर गप बसू द्याया पायजे ना लोकांनी! दुसऱ्या दिशीपासून ओट्यावर पेशंट. ताराबाई मावशी गुडघा घेऊन आली. म्हणलं, मावशी, मी डॉक्टर न्हाई, सरकारी दवाखान्यात जावा. गेली. तिथं तिला गुण आला अन् नाव कुणाचं झालं? माझं! सर बरुबर जागी धाडतेत म्हणून. मंग येतोय त्याला पाठवतोय. कुणाला गोळी न्हाई, सुई न्हाई, फी न्हाई, नुस्तं "दवाखान्यात जावा". गावात बोलबाला, लई सरळ डॉक्टर हाय, उगं सुया टोचत न्हाई. शहादेव तर म्हैस घेऊन आला. म्हणलं, शहादेवा, म्हशीचा डॉक्टर येगळा असतो रे. तो म्हणला, सर, चारा सोडलाय तिनं, डॉक्टर म्हंजी डॉक्टर, नुस्ता हात तरी लावा. लावला! काय करता? म्हशीनंबी माझ्याकडं असं बघितलं की हिला सगळं ठाऊक हाय. अन् मी नुस्ता फॉर्म भरलेला!

पैली यादी लागली, सीटची. नाव न्हाई. दुसरी लागली. न्हाई. इकडं माय पेढे वाटायली अन् तिकडं मी मोबाईल खिशातून काढायलाबी घाबरायलो. लोक इचारायचे, सर, कॉलेजला कवा निघणार? मी म्हणायचो, बोलावलं की निघू. खोटं न्हाई, खरंबी न्हाई, मंजुषानं सांगितलं तसं. शेवटी बेजार होऊन चौसाळ्याला वनमालाकडं, मपल्या बहिणीकडं, पळून गेलो. म्हणलं दोन दिस डोकं शांत करू. तिच्या दारात जातो तर ओट्यावर चौघं बसलेले, कुणाच्या हातात एक्सरे, कुणाच्या हातात रिपोर्ट. वनमाला आतून वरडली, बसा बसा, आला माझा दादा. तसाच पाणी न पिता माघारी फिरलो.

अन् शेवटची यादी. दुपारचा तास चालू होता, मी फळ्यावर हृदय काढायलो होतो. खिशात मोबाईल थरथरला. वर्गात मोबाईल बघत नसतो मी, पोरांना ओरडतो त्याच्यावरनं, पर बघितला. नाव होतं. म्होरं कॉलेजचं नाव होतं. सरकारी. लांब, पार तिकडं विदर्भात, पर सरकारी! नंबर बघितला, बापाचं नाव बघितलं, आडनाव बघितलं, मीच होतो. खडू तसाच हातात, अन् मी पैल्या बाकावर जाऊन पोरांमधी बसलो. पोरं म्हणली, सर, काय झालं, पाणी आणू का? म्हणलं, काय न्हाई बाळांनो, सुटलो. छातीवरचा धोंडा उतरला हो! इतका बिनघोर मी जन्मात कवा झालो न्हाई. डॉक्टर व्हायला मिळतंय ह्याचा आनंद मागून झाला. आधी वाटलं ते एकच, की मायला काय सांगावं लागणार न्हाई.

अन् खरंच काय सांगता आलं न्हाई! घरी पळत आलो, मायच्या पाया पडलो अन् तिथंच रडाया लागलो. माय घाबरली. म्हणली, काय झालं रे, कॉलेजात कुणी काय बोललं का? आता तिला काय सांगू, की माय, मी डॉक्टर व्हायला लागलो? ते तर तिच्यासाठी मागंच होऊन गेलतं, पेढ्यासगट! म्हणलं, काय न्हाई, असंच. ती म्हणली, असंच काय रडतू येड्यावानी, पेशंट वाट बघायलेत, जा. आतून मंजुषा हसायली अन् डोळेबी पुसायली. तिला तेवढं कळलं. पुरे झालं मला.

तरी पर माणसाचं मन असतं ना? वाटलं, आण्णाला तरी सांगावं. आता खरंखुरं झालंय, निदान एखादा हार... गेलो. म्हणलं, आण्णा, सीट लागली! आण्णा म्हणले, कशाची? म्हणलं, एमबीबीएसची. आण्णा माझ्याकडं असे बघायले, जसा काय मी दुसऱ्यांदा आहेर मागायला आलोय. म्हणले, सर, ते झालं की मागंच, सत्कार घेतलाय तुमी, आता परत परत कावून? अन् मागं बघतो तर प्रविण फ्लेक्स गुंडाळून निघालेला. भागवत तात्याच्या तेजश्रीचा. 'फौजदारपदी निवड झाल्याबद्दल.' त्या पोरीची परीक्षा कवा हाय ते अजून तिलाबी ठाऊक न्हाई! जेसीबी सुरू झाला होता, मला घराकडं जायला वाट पायजे होती.

तर असं हाय. पेटी भरलीय, परवा निघतो, साडेपाच वर्षासाठी. गावाच्या लेखी डॉक्टर मी मागंच झालोय, आता नुस्तं शिकायला जायचं ऱ्हायलंय. अन् साडेपाच वर्षानी डोक्याचे केस पांढरे करून, खराखुरा डॉक्टर होऊन मी फाट्यावर उतरलो ना, तर तुमाला आत्ताच सांगून ठिवतो, गावातला पैला माणूस मला इचारणार हाय, "काय सर, एवढे दिस दवाखाना बंद ठिवून कुठं गेलतात?"