दारापेक्षा उंच जीप

स्पेअर पार्टच्या दुकानात रांग काही हलेना. पंपाचा पट्टा घ्यायला आलेल्या गवंड्याच्या पुढे एक बहीण-भाऊ उभे होते. दुसऱ्याच्या बोलण्याला कान लावू नये, हे त्याला ठाऊक होतं. पण कान काय, उघडेच असतात.

“ताई, जीप शेडमधून निघत नाही.”

“का? काल तर चालू झाली होती!”

“नव्या स्प्रिंगा, मोठे टायर. गाडी वीतभर उंच झाली. टप चौकटीला अडतोय.”

“दार मोजलं नाहीस?”

“चढ मोजला, ओढ्यातले दगड मोजले. दाराचं डोक्यातच आलं नाही.”

“धन्य आहेस! टायरमधली हवा काढ.”

“काढली. तरी चार बोटं अडतेच. जाऊ दे, आईला पुढच्या वर्षी आणू.”

“पुढच्या वर्षी? त्या डोंगरावर एकटी आहे ती! जुनी चाकं लाव, गाडी बाहेर काढ, मग मोठी चढव.”

“आणि परत आत कशी घालायची?”

“घालायचीच नाही. गाडी अंगणात राहील. शेडमध्ये आईची खोली करू.”

“पण ते दार...”

“आईला पुरेल एवढं उंच आहे.”

मागून गवंडी म्हणाला,

“ताई, खिडकी कुठल्या बाजूला हवी?”