पाणमांजरीनं पंजा सोडला

शिंपीणबाई खांद्याच्या व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आल्या होत्या आणि नंबर लागायची वाट बघत होत्या. शेजारी एक आजोबा आणि त्यांची शाळकरी नात बसली होती. नातीचं जाडजूड पुस्तक आजोबांच्या मांडीवर होतं.

"तुझी ती पाणमांजर मला मुळीच आवडली नाही."

"अहो आजोबा, तीच तर नायिका!"

"असेल. पण म्हाताऱ्या साळिंदराला झुलत्या पुलावर एकटं सोडते? आधीच बिचारं दरीत पडता पडता वाचलेलं."

"सोडते कुठे? नुसता पंजा सोडते. मागेच असते ती."

"एकूण एकच."

"एकच कसं? धरून ठेवलं असतं, तर ते जन्मभर अलीकडेच राहिलं असतं."

"अलीकडे काय वाईट होतं? गवत होतं, पाणी होतं."

"पण सोबती सगळे पलीकडे. तुमचेही मित्र रोज मला विचारतात, आजोबा फाटकापर्यंत तरी कधी येणार म्हणून."

"म्हणजे हे पुस्तक मला मुद्दाम वाचायला दिलंस तू, लबाडे!"

"हो, दिलं."

तेवढ्यात आतून आजोबांना हाक आली. नातीनं हात पुढे केला.

"धरू?"

"नको. मागेच राहा. पण पडलो ना, तर त्या लेखकाची धडगत नाही!"

शिंपीणबाईंनी वाटेतली आपली पिशवी चटकन उचलली. आजोबा भिंतीचा आधार न घेता, तोल सावरत दारापर्यंत पोचले.

"शाबास!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

आजोबा वळून हसले. "थोडी शाबासकी राखून ठेवा बाई. अजून परत यायचंय."