घट्ट झाकणाची डबी

नाही, पुन्हा सांगा बघू नीट — आमच्या सुमेधच्या शीमध्ये जंतू एकही नाही? मग चांगलंच की हो, बाई! चेहरा कशाला पाडताय? अख्ख्या वसईत आयांच्या आणि बाळांच्या जुलाबाचा अभ्यास करत फिरताय, एक तरी पोर धड निघालं म्हणून पेढे वाटा. बसा, सरबत घ्या. काय? तूप? शीमध्ये तूप आणि वेलचीचे दाणे? — तुमच्या लॅबमध्येच कुणीतरी शिरा खात असेल! नाही? मग आमच्या सूनबाईनं खाल्लं असेल, संपदानं, अंगावरच्या दुधातून उतरतं म्हणतात. हसताय काय? आई आणि बाळ दोघांचं बघतो, असं तुम्हीच म्हणालात ना?

आता तुम्ही सांगितलंत थंड ठेवा, मी डबी फ्रिजमध्ये ठेवली. त्यात तुम्ही जास्तीच्या डब्या देऊन गेलात — इतक्या पांढऱ्याशुभ्र, घट्ट झाकणाच्या, आतलं दिसत नाही, वास म्हणून बाहेर येत नाही — फेकवतात का त्या? एकीत लवंगा भरल्या, एकीत रेवाच्या टिकल्या. रेवा म्हणजे माझी धाकटी. तिचं लग्न पापडी गावात जमत आलंय, बोलले नाही का? मुलगा बँकेत, स्वभावानं गरीब, पण आई — वसुंधराताई — फार कडक. बघायला आल्या तेव्हा खुर्ची रुमालानं पुसून बसल्या. माझी खुर्ची! अजून होकार नाही. म्हणून म्हटलं, आपल्या वाडीतली सुकेळी पाठवू, वाळवलेल्या केळ्याला कोण नाही म्हणतं? आम्ही ती केळीच्या सोपटात, वाळक्या सालीत बांधून देतो, पण रेवा म्हणाली, आई, गावंढळ दिसतं गं ते. मग तुकडे केले, तुपात घोळवले, वेलची लावली, आणि तुमच्याच एका डबीत —

थांबा, बोलतेय ना मी. फ्रिजमध्ये दोन्ही शेजारी होत्या, मान्य. पण सुमेधच्या डबीला तुमची नंबराची चिठ्ठी होती! ती घामेजून गळून पडली, तो भाग वेगळा. मी चिकटवली की परत, भाताच्या शितांनी. कुठल्या डबीला म्हणजे? डबीला! समोर जी…

अगं बाई.

नाही नाही, खाल्लं नसेल त्यांनी. त्यांच्या घरी गोड आलं की उघडत नाहीत, तसंच दत्तापुढे ठेवतात, आणि मग गुरुवारी संध्याकाळी आरती झाली की सगळ्यांच्या हातावर — संपदा! अगं संपदा, आज वार कोणता?

सरबत ठेवा खाली. स्कूटर आणलीत ना? मी कशी येऊ, मी मुलीची आई! तुम्हीच जा. तळ्यापलीकडे निळं फाटक. सांगा, आनंदीबाईंनी डबी परत मागवलीय, सुकेळी अजून मुरली नाही म्हणून. झाकण तिथं उघडू नका. बघताय काय अशा? तुमचा अभ्यास वाचेल, माझ्या पोरीचं लग्न वाचेल, जा, निघा — आणि बाई, उशीर झालाच, आणि हातावर प्रसाद ठेवू लागल्या, तर उपास आहे म्हणा!