घोडीच्या डाव्या कुशीवरचा डाग

मेलेला घोडा तबेल्यात परततो, ही कथा आपल्याकडे अनेक रूपांत सापडते. कुठे टापा ऐकू येतात, कुठे ठेवलेली चंदी संपते. वारज्यात मी स्वतः पाहिलेले रूप जरा निराळे आहे.

इब्राहिमभाईंची पांढरी घोडी वरातींना जाई. पण रोज सकाळी तिची डावी कूस लिदीने माखलेली असे. डाग धुऊनही जात नसत आणि गिऱ्हाइके तुटू लागली होती. म्हणून भाईंनी गव्हाचे काड काढून तिच्याखाली लाकडाचा भुसा जाड पसरला. दुसऱ्या सकाळी मी तिथेच चहा घेत होतो. भुशात घोडा बसल्याचे दोन खळगे शेजारी-शेजारी उमटले होते.

"भाई, घोडी एकच ना?"

"अहो, आपण शिकलेली माणसं. आपणच मोजा."

मागून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डावीकडे आपला बादल असायचा. तो मेला आणि तुम्ही त्याची जागा हिला देऊन टाकलीत. त्यानं बसायचं कुठं?"

 भाईंनी मध्ये आडवा बांबू बांधला आणि डावीकडे एका घोड्यापुरता वेगळा भुसा पसरला.

उजाडल्यावर घोडी पांढरीशुभ्र होती. बांबूपलीकडच्या भुशात ताजी लीद पडली होती.