डायपरभोवतीचा पहारा

बसच्या रांगेत माझ्यापुढे पाळणाघरातला नवा शिक्षक त्याच्या ताईशी तावातावाने बोलत होता.

"ताई, सोडतो ही नोकरी!"

"अरे, पुरुष हवेत म्हणून त्यांनीच बोलावलं ना तुला? आणि काम तर आवडतं."

"आवडतं म्हणूनच डोकं फिरतं! मी डायपर बदलताना दोन बायकांनी पहारा द्यायचा म्हणे!"

"दोन कशाला?"

"एक बघायला, दुसरी साक्षीला! आज आम्ही तिघं एका डायपरभोवती, आणि तिकडे पोरांनी मोठ्या बाईंना कोठीत कोंडलं."

"अगं बाई! सोडवलं कोणी?"

"मीच. कडी काढा म्हटलं, पोरांनी काढली."

"मग खूश झाल्या असतील!"

"छे! म्हणाल्या, उद्यापासून तिसरी बाईही पहाऱ्याला."

"आणि बाकीच्या पोरांकडे कोण बघणार?"

"तेच विचारलं मी. तर म्हणाल्या, 'तुम्ही आहात की!'"