कीर्तनातलं वाकणं आणि कोर्टातला खर्च

"हॅलो? … हॅलो? कोन बोलतंय? … जरा मोठ्यानं!"

गावात फोन नव्हता, म्हणून पिंपरीतल्या आपल्या लाकडाच्या वखारीत नूरमोहम्मदनं छबूबाईच्या हातातला उलटा फोन सुलटा करून तिच्या कानाला लावला. फोन पुण्याहून होता, तिच्या दिराचा, सयाजीचा. कारखाने आले, जमिनींना भाव चढला, तशी याची नजर पिंपळे गुरवातल्या तिच्या विहिरीवर गेली. भाऊ वारल्यावर विहीर भावजयीची राहत नाही, असा दावा यानंच लावला आणि साक्षीदार फिरला तसा यानंच काढूनही घेतला. आता वकिलांचा खर्च कुणाच्या माथी, ते उद्या कोर्टात ठरायचं होतं.

"व्हय, मीच … बरी हाय. कामाचं बोला, भावजी … सही? कसली सही? … ज्याचा खर्च त्यानं सोसायचा? वा रे वा! … अवो, ऐका ना … न्हाई, आदी तुमी ऐका! कोर्टाची पायरी कोन चढलं? मी? … मी आपली गोठा झाडत हुते. बेलीफ दारात आला तो तुमच्यापायी. दुभती म्हैस इकली म्या वकिलासाठी … व्हय, तीच, कपिली. तिच्या दुधावर चूल पेटत हुती माझी … काय? तडजोड? कवा झाली? … एकादशीला? देवळात?"

छबूबाईच्या कपाळाची शीर तटतटून फुगली. परवाच्या एकादशीला गावच्या देवळात कीर्तन झालं होतं. बुवांनी असा काही अभंग आळवला की खांबांनाही पाझर फुटावा. आरती झाली, बुक्का लागला आणि रिवाजाप्रमाणे माणसं लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडू लागली. छबूबाई वळली, तर समोर सयाजी. देवाच्या दारात कुणाला टाळायचं? ती वाकली, तोही वाकला. डोळे दोघांचेही ओले होते. आणि आता याचा वकील त्या वाकण्यालाच तडजोड म्हणत होता; तडजोडीनं दावा मिटला, की खर्च ज्याचा त्याला!

"अवो, त्या दिवशी मी रंगराव पाटलाच्याबी पाया पडले. त्याची पाटीलकी मला मिळाली का? … दौलतरावाच्या धाकट्या सुनंच्या पडले, मग ती माझी सासू झाली का? … हसत न्हाई मी! … बुवांची साक्ष काढनार? काढा की! बुवाच इचारतील तुमाला, देवाम्होरं वाकलेली मान कोर्टात इकायला आनली का म्हून."

तिनं पदर खोचला.

"आनि मला एक सांगा, दावा काढून घ्यायचा अर्ज कवा दिला? … आता का अडलं? कवा? … सोमवारी. आनि एकादशी? … बुधवारी! मग सोमवारी कुनाच्या पाया पडून दावा काढून घेतलात? त्या फिरलेल्या साक्षीदाराच्या?"

पलीकडून असा आवाज चढला, की नूरमोहम्मदनंही करवत थांबवली.

"वराडू नका! … आईबाप काढायचं काम न्हाई … तुमचे दादा असते तर? दादा असते तर त्या हिरीकडं बोट करायची छाती झाली असती का तुमची? … नातं तुटलं? तुटू द्या … काय म्हनालात? पुन्हा त्या देवळात पाऊल टाकनार न्हाई? का वो? देवळानं काय घोडं मारलंय तुमचं?"

तिचा आवाज खाली आला. राग तसाच होता, पण देवाचं नाव निघालं की तिला वरच्या पट्टीत बोलता येत नसे.

"या. फुडल्या एकादशीला कीर्तनाला या. समोर आलात तर पुन्हा वाकीन, मनापासून वाकीन. पन उद्या कोर्टात खर्च मागनार म्हंजी मागनार. माझ्या कपिलीचा सगळा … हॅलो? भावजी? … हॅलो?

"नूरभाई, आपटला की मधीच! … ऑं? कोन तुमी? … एक्स्चेंजवाल्या बाई व्हय? … व्हय, तुटलं बोलनं … मी न्हाई वो लावला! त्यानंच लावला, त्यानंच आपटला. मग पैशे कुनाला पडत्यात? … ज्यानं लावला त्यालाच? अर्ध्यात सोडला तरीबी? … असा कायदाच हाय?

"… बाई, उद्या सकाळी जरा कोर्टात याल का वो?"