तूर जायली, दाळ यायली

शिवलिंग म्हनून इचारलं तर संतपुरात कुनी वळखनार न्हाई, मास्तर म्हना, मग घर दाखवत्याल. मूळ आम्ही मेहकरचे, भालकी तालुक्यातले. अप्पा मराठीत बोलायचा, अव्वा, म्हंजे आई, कन्नडात रागवायची, आन् शाळा सगळी उर्दूत, निजामाचं राज हुतं ना. मराठी बोलाय यायची, वाचाय मातर चिठ्ठीपुरती.

पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, आन् हुकूम आला, पोरांस्नी आता मराठीतनं शिकवा. मी हितल्या मिडल स्कूलात नवानवा लागलेला, सातवीचा भूगोल माझ्याकडं, त्यात व्यापाराचा धडा. काय सांगू तुम्हाला, पुस्तक उघडलं तर आयात आन् निर्यात. आता उर्दूत आयात म्हंजे कुरानातली वचनं. मी म्हनलं, व्यापाराच्या धड्यात कुरान कुठनं आलं? कुनाला इचारावं तर मास्तरपन आडवं आलं. छापनाऱ्याची चूक आसंल म्हनलं आन् धडा तसाच पुढं रेटला.

नेमकं तपासनीस साहेब आले, घाटाकडचे, म्हंजे पक्क्या मराठी मुलखातले, आन् नेमकं त्योच धडा काढला. आयात म्हणजे काय रे? वर्गात दोनच पोरी, त्यातली जैनब, पिंजाऱ्याची, ती उठली, म्हनली, आयात मशिदीत वाचत्यात जी. साहेब माझ्याकडं बघायले, आन् मी शाना म्हनतो कसा, व्हय साहेब, बरोबर हाय.

साहेब हसले न्हाईत, हसले आसते तर बरं झालं आसतं. आयात म्हंजे बाहीरनं यीनारा माल, एवढं सांगून सहा महिन्यांनी परत यीतो म्हनले, तवा बी हेच आसंल तर मास्तरकी सोडा. बिदरला मैलूरात मेव्हना ऱ्हायचा, त्यो म्हनला, सोडून ये, कचेरीत उर्दू कागद लावायचं काम हाय. मी म्हनलं न्हाई. मला शिकवायचंच हाय, आन् हरून तर जानारच न्हाई.

मग पोरांस्नी घेऊन बाजाराच्या दिवशी वेशीत बसलो. म्हनलं, पुस्तक ठिवा, गाड्या बघा, आत काय यायलंय, बाहीर काय जायलंय. मीठ यायलंय, राकेल यायलंय, ती आयात. जवारी जायलीय, तूर जायलीय, ती निर्यात. पोरं वरडायची, मी बी वरडायचो, मलाच पाठ व्हायला पायजे हुतं ना. तवर जैनब म्हनली, गुरुजी, तूर जायलीय आन् त्या गाडीत दाळ यायलीय, तूर आपली, मग दाळ कामून बाहीरची? म्हनलं, तिकडं दाळीची गिरनी हाय. मग हिकडं कामून न्हाई? मी सरळ सांगितलं, मला ठावं न्हाई पोरी, पुस्तकात बी न्हाई, मोठी झालीस की तूच बघ.

साहेब परत आले. आयात म्हणजे काय? जैनबच उठली. बाहीरनं यीतंय ते आयात जी, पर आपलीच तूर दाळ होऊन यीतीय, तिला काय म्हनायचं? साहेबांनी पुस्तक चाळलं. मग म्हनले, मास्तर, हे पुस्तकात नाही. मी म्हनलं, न्हाई साहेब, वेशीत हाय. नोकरी ऱ्हायली.

छप्पन साली आमचं जुनं राज्य मोडलं, बिदर जिल्हा मैसूर राज्यात गेला, आन् मास्तरांस्नी नवा हुकूम, कन्नड शिका. बोलाय अव्वामुळं यायची, अक्षरं मातर पयल्यापासनं गिरवली. पुस्तकात परत व्यापाराचा धडा, आन् आयात-निर्यातीला कन्नडात काय, तर आमदू आन् रफ्तू. आवो, ही तर माझी उर्दू! आमद म्हंजे येनं, रफ्त म्हंजे जानं. जी विसरा विसरा म्हनले, तीच आमच्या तुरीगत रूप बदलून परत आली की. मी एकटाच हसाय लागलो, अव्वा म्हनली, याड लागलं का ह्याला.

आता डोळ्यानं दिसंना झालंय. जैनब बी म्हातारी झाली, पर तिनं आन् तिच्या नवऱ्यानं गावात दाळीची गिरनी घातली, चालली, मधी दोनदा बंद पडली, परत चालली. दरसाल सुगीला पायलीभर दाळ आनून माझ्या पुढ्यात ठिवती आन् म्हनती, गुरुजी, आयात न्हाई जी, हितलीच हाय. दरसाल त्येच बोलनं, आन् दरसाल माझ्या डोळ्याला पानी यीतं. मी चाचपून तिच्या डोक्यावर हात ठिवतो, म्हनतो, सुखी ऱ्हा पोरी, आन् गिरनी तेवढी बंद पडू देऊ नको.